हार्ड डिस्क बदलता येते, खतावणी नाही

मार्चअखेर जवळ येऊ लागली की कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांच्या कचेऱ्यांमध्ये रात्री उशिरापर्यंत दिवे दिसू लागतात. पुढे शेडमधले लेथ थांबलेले असतात, कामगार घरी गेलेले असतात आणि मागच्या खोलीत मालक अथवा दिवाणजी लॅपटॉपसमोर बसून वर्षभराची बिले, येणी-देणी व जीएसटीचे आकडे जुळवीत असतात. नेमक्या अशाच एखाद्या आठवड्यात लॅपटॉप सुरू होता होता अडतो, आतून घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते आणि काळ्या पडद्यावर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ उमटते. हार्ड डिस्क गेलेली असते.

दुरुस्तीवाल्याकडे गेल्यावर पहिला प्रश्न होतो तो खर्चाचा, आणि त्याचे उत्तर सहसा दिलासा देणारे असते. नवी डिस्क काही हजार रुपयांत मिळते, ती बसविण्यास अर्धा तास पुरतो, विंडोज पुन्हा घालण्यास फार तर एक दुपार लागते. या दिलाशातच खरा धोका दडलेला आहे. कोणाकडून किती येणे आहे, कोणत्या बिलावर किती कर भरला, ग्राहकाने कोणत्या ड्रॉइंगमधील कोणता बदल मान्य केला, हे सारे जुन्या डिस्कवर असते आणि ते कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. घरच्या लॅपटॉपचीही हीच गोष्ट. तेथे खतावणीच्या जागी लग्नातील छायाचित्रे, मुलांचे प्रकल्प आणि आजोबांनी सांगितलेल्या आठवणींचे ध्वनिमुद्रण असते. म्हणून या कामात कौशल्यापेक्षा क्रमाला महत्त्व अधिक आहे. आधी जुन्या डिस्कवरील मजकूर सोडवून घ्यावयाचा, मग नवी डिस्क बसवावयाची, त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टिम. घाईत हा क्रम उलटा होतो आणि नुकसान कायमचे होते.

कायद्यानेही हा विषय मालकाच्या मर्जीवर सोडलेला नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. त्याच कायद्याखालील २०१७ च्या नियमांतील नियम ५७ त्याहून स्पष्ट आहे. अपघाताने अथवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तर त्या वाजवी मुदतीत पुन्हा उभ्या करता येतील, अशा रीतीने त्यांची इलेक्ट्रॉनिक प्रत राखली पाहिजे, असे तो सांगतो. कंपनी म्हणून नोंदलेल्या उद्योगांस तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर हिशेबाचा बॅकअप दररोज घेण्याचे बंधन आहे. ‘डिस्क उडाली’ हे कारण करअधिकाऱ्यापुढे सांगता येते, पण ते बचाव म्हणून टिकेल अशी खात्री कोणत्याही सीएने देऊ नये.

जुन्या पद्धतीच्या वह्यांना एक गुण होता, त्या हळूहळू नष्ट होत. रोजकीर्दीचे कोपरे फाटत, खतावणीला कसर लागे, शाई फिकी पडे. पण मालकाला ते दिसे आणि वेळीच नवी वही उतरवून घेता येई. हार्ड डिस्क बहुधा तशी सूचना देत नाही, आणि दिली तरी ती ओळखणारा माणूस जवळ नसतो.

वास्तविक ही वस्तू कुपवाडच्या कारागिराला परकी वाटू नये. तिच्या पोटात आरशासारखी गुळगुळीत चकती एका स्पिंडलवर फिरत असते. लॅपटॉपमधील डिस्कची गती बहुधा मिनिटाला ५,४०० फेऱ्यांची, म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या. चकतीच्या वर एक नाजूक हात पुढेमागे सरकतो आणि त्याच्या टोकावरील वाचक चकतीला न टेकता, काही नॅनोमीटरच्या अंतरावरून तरंगत चुंबकीय खुणा वाचतो. माणसाचा केस या अंतराच्या हजारो पट जाड. चकती फिरत असताना लॅपटॉप टेबलावरून घसरला किंवा स्पिंडलचे बेअरिंग बिघडले तर काय होईल, हे सीएनसी यंत्रावर काम करणाऱ्याला निराळे समजावून सांगावे लागत नाही. टिकटिक म्हणजे वाचकाचा हात जागा शोधतो आहे, ती सापडत नाही, आणि तो मूळ स्थानी परतून पुन्हा प्रयत्न करतो आहे.

या यंत्राचा पूर्वज १९५६ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने बाजारात आणला. त्यात दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या, वजन टनाच्या घरात होते आणि साठवण होती सुमारे ५० लाख अक्षरांची. आज मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्रही तेवढी जागा घेते. आपल्याकडील बँकांत संगणक आले ते रंगराजन समितीच्या १९८४ व १९८९ च्या अहवालांनंतर. आधी लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, मग पूर्ण संगणकीकृत शाखा. त्या काळच्या शाखांत दिवसअखेरीचा बॅकअप घेतल्याखेरीज दिवस संपला असे मानीत नसत. फ्लॉपी अथवा टेपवर वार लिहिलेला असे, एक प्रत तिजोरीत जाई आणि एक शाखेबाहेर. १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टमध्ये २००० साली दुरुस्ती होऊन संगणकातील नोंदींना पुराव्याचे स्थान मिळाले. तेव्हा सोबतच्या प्रमाणपत्रात, यंत्रणा बंद पडून गेलेली माहिती परत मिळविण्याची कोणती व्यवस्था आहे, हेही सांगावे लागेल अशी तरतूद झाली. बँकेची ही शिस्त लहान उद्योगांपर्यंत पोहोचली नाही. संगणक पोहोचला, दिवसअखेर मात्र मागे राहिली.

आता प्रत्यक्ष प्रसंगाकडे. डिस्क बिघडल्याचा संशय येताच पहिले काम म्हणजे लॅपटॉप बंद करणे आणि बंदच ठेवणे. माणसाचा स्वभाव याच्या नेमका उलट आहे. तो पुन्हा सुरू करून पाहतो, पाच वेळा पाहतो, हलकेच थोपटतो. कोणीतरी सुचविलेली ‘चेक डिस्क’ची आज्ञा रात्रभर चालवून ठेवतो. ही आज्ञा निरोगी डिस्कवरील विस्कटलेल्या नोंदी नीट लावण्यासाठी आहे. मरणासन्न डिस्कवर ती चालविणे म्हणजे दमलेल्या रुग्णाला जिना चढावयास लावणे होय. शिवाय ती डिस्कवर नवे लेखन करते आणि त्यात जुना मजकूर पुसला जाऊ शकतो. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा एक उपायही तोंडोतोंडी फिरतो. बाहेर काढताच आत दव धरते, म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नये. झाकण उघडून आत डोकावणे तर सर्वथा वर्ज्य, कारण लेथच्या शेजारच्या खोलीतील हवेत धातूची किती बारीक धूळ असते हे पांढऱ्या कपड्यावर सहज दिसते.

चकतीवर ओरखडा उठू न देणे किती मोलाचे असते, याचे एक विलक्षण उदाहरण अवकाशविज्ञानात आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान परतीच्या वाटेवर वातावरणात विखुरले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांचा अंत झाला. यानावर एका भौतिकशास्त्रीय प्रयोगाची माहिती नोंदविणारी साधी हार्ड डिस्क होती. ती काही महिन्यांनी टेक्सासमधील एका आटलेल्या तलावाच्या पात्रात सापडली, जळून काळी पडलेली, सुटे भाग वितळलेले. अमेरिकेतील मिनेसोटा येथील क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या तंत्रज्ञाने तिच्या चकत्या काढून स्वच्छ केल्या, नव्या यंत्रात बसविल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळविली. त्या प्रयोगाचा शोधनिबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. आकाशातून पडून आणि आगीतून जाऊन जे वाचले, ते टेबलावर ठेवलेल्या डिस्कमध्ये केवळ वारंवार चालू-बंद केल्याने गमावले जाऊ शकते.

सांगलीकरांना आगीपेक्षा पाण्याची ओळख अधिक. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी ४५ फूट, यावरून त्या पुराची कल्पना यावी. २००५ आणि २०२१ चे पूरही विस्मरणात जाण्याजोगे नाहीत. दुकाने, पेढ्या आणि घरे यांच्या तळमजल्यांवरील वस्तू त्या वेळी चिखलात गेल्या. पुरात बुडालेला लॅपटॉप उन्हात वाळवून सुरू करून पाहणे हा अशा वेळी सर्वांना सुचणारा मार्ग, आणि तोच चुकीचा. पाणी वाळते, पण गाळ चकतीवर चिकटून घट्ट होतो आणि वीज मिळताच वाचक त्या गाळावरून फरफटतो. तज्ज्ञांचा सल्ला असा की भिजलेली डिस्क सुरूही करू नये आणि वाळवूही नये. ओलसर अवस्थेतच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून माहिती परत मिळविणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवावी.

अशी प्रयोगशाळा पुण्या-मुंबईकडे शोधावी लागते आणि तिचा खर्च नव्या लॅपटॉपहून जास्तही होऊ शकतो. म्हणून निर्णय मालकाने शांतपणे घ्यावयाचा आहे. डिस्कचा आवाज येत असेल, ती भिजली असेल किंवा संगणकाला दिसतच नसेल आणि आतील मजकूर अनमोल असेल, तर स्थानिक प्रयोग करू नयेत. मात्र डिस्क आवाज न करता नुसती मंदावली असेल, कधी दिसते कधी नाही अशी असेल, तर कुपवाड-सांगलीतील जाणता तंत्रज्ञ ती लॅपटॉपमधून काढून यूएसबीच्या जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावू शकतो. लिनक्सवर ‘डीडीरेस्क्यू’ नावाची मोफत आज्ञावली आहे. ती आधी सहज वाचता येणारा भाग उतरवून घेते, अडणारा भाग सोडून पुढे जाते आणि शेवटी त्या अडलेल्या भागाकडे परत येते. मरणाऱ्या डिस्कशी वागण्याची हीच रीत योग्य. लॅपटॉप नवा असेल तर त्यावर बिटलॉकरचे कुलूप असण्याची शक्यता असते. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये ते मालकाच्या नकळत आपोआप लागलेले असते, आणि डिस्क दुसरीकडे लावताच ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते; खात्याचा ईमेल कोणाच्या नावाचा आहे हे तरी माहीत असावे. लॅपटॉप मांडून देणाऱ्या मुलाच्या ईमेलवर सारे चालू असण्याचे प्रकार लहान उद्योगांत अगदी सामान्य आहेत.

काय उतरवून घ्यावयाचे, हे तंत्रज्ञाला मालकानेच सांगितले पाहिजे. ‘डेस्कटॉप’ आणि ‘डॉक्युमेंट्स’ उतरले म्हणजे सर्व काही आले, असा समज असतो. टॅलीचा मजकूर या दोन्ही ठिकाणी नसतो. तो बहुधा सी ड्राइव्हवर टॅलीच्या स्वतःच्या ‘डेटा’ फोल्डरमध्ये, कंपनीच्या नावाऐवजी केवळ अंकांच्या नावाने असलेल्या उपफोल्डरांत असतो. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या नजरेतून तो सुटतोच. मराठी मजकुराची गंमत निराळी. श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले पत्र, लग्नपत्रिका अथवा संस्थेचे इतिवृत्त नव्या विंडोजवर उघडले की अगम्य रोमन चिन्हांची रांग दिसते आणि फाइल बिघडली असे वाटून ती पुसून टाकली जाते. फाइल शाबूत असते, फक्त फॉन्ट नसतो. म्हणून जुन्या डिस्कवरील फॉन्टचे फोल्डरही न विसरता घ्यावे आणि ती सॉफ्टवेअरे कोणत्या परवान्याने चालत होती याची नोंद करावी. ईमेल संगणकावर उतरवून घेण्याची पद्धत असेल तर त्याची फाइल, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि जीएसटीसाठी वापरल्या जाणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे ड्रायव्हर हेही याच यादीत येतात.

मजकूर सुरक्षित झाला की पुढचे काम सोपे आहे. आज नवी डिस्क घ्यावयाची तर ती फिरत्या चकतीची घेण्याचे कारण उरलेले नाही, एसएसडी घ्यावी. तिच्यात हलणारा भाग नाही, विजेच्या भारावर चालणाऱ्या चिपा आहेत. सहा-सात वर्षांचा लॅपटॉप केवळ या बदलाने नव्यासारखा चपळ होतो, ही अतिशयोक्ती नव्हे. परंतु एसएसडी अमर आहे या भ्रमात राहू नये. ती जाते तेव्हा बहुधा आवाज न करता एका क्षणात जाते. तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळणेही चकतीच्या मानाने फार अवघड, कारण पुसलेली जागा ती स्वतःच पुढील लेखनासाठी झाडून ठेवते.

खरेदीपूर्वी जुनी डिस्क पाहून घ्यावी. अडीच इंची डिस्क असेल तर सर्वसाधारण साटा एसएसडी चालते. जुनी साडेनऊ मिलिमीटर जाडीची आणि नवी सात मिलिमीटरची असेल तर सोबत येणारी पट्टी लावून फट भरून काढतात. च्युइंगगमच्या कांडीसारखी लांबट पट्टी बसविण्याची जागा असेल तर ती एम.२ जातीची. तिचे साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असून दिसायला सारखे असले तरी लॅपटॉपला कोणता समजतो हे त्याच्या माहितीपत्रकात पाहावे लागते. काही पातळ लॅपटॉपमध्ये साठवण मुख्य पाटीवरच झाळलेली असते. तेथे बदलण्याचा प्रश्नच नाही. डिस्कच्या किमतीही स्थिर नसतात. २०११ साली थायलंडमध्ये महापूर आला, तेथील हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर डिस्क महागल्या. पूर दूरच्या नदीचा असला तरी त्याचा हिशेब सर्वांच्या खिशातून होतो, हे तेव्हा दिसले.

डिस्क बसविण्याचे काम हाताने यंत्रे जोडणाऱ्या माणसाला घरीही जमते. चार्जर काढावा, बॅटरी सुटी होत असेल तर बाहेर काढावी, आत असेल तर मागचे झाकण उघडताच आधी तिची जोडणी सोडवावी. स्क्रू निरनिराळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड छिद्रात बसविला तर वरचे आवरण किंवा पाटी भेदून जातो. म्हणून कागदावर लॅपटॉपची आकृती काढून त्या त्या जागी स्क्रू ठेवत जावे. हातातील स्थिर वीज घालविण्यासाठी आधी एखाद्या मातीत जोडलेल्या धातूला स्पर्श करावा. झाकण उघडलेच आहे तर पंख्यात साठलेली धूळही काढून घ्यावी. कुपवाडच्या शेडमधील लॅपटॉपमध्ये ती भरपूर निघते. जुनी डिस्क मात्र या क्षणी दूर कपाटात ठेवावी. विंडोज घालताना दोन्ही डिस्क जोडलेल्या असतील आणि चुकून जुनीच निवडली गेली, तर आधीची सारी दक्षता वाया जाते.

विंडोज घालण्यासाठी दुसऱ्या चालू संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून साधन उतरवून किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करावा. त्यावरील पूर्वीचे सर्व पुसले जाते. लॅपटॉप सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप अशी कंपनीनुसार ठरलेली कळ दाबून पेन ड्राइव्हवरून सुरुवात करावयाची. पुढे क्रमांक विचारला जातो तेथे अनेकजण घाबरतात आणि याच टप्प्यावर दुरुस्तीवाला ‘क्रॅक’ विंडोज घालून देण्याची तयारी दाखवितो. त्याची गरज बहुतेक वेळा नसते. २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासून, विंडोजसह विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपचा परवाना डिस्कवर नसून मुख्य पाटीवरील चिपमध्ये नोंदलेला असतो, आणि विंडोज १० व ११ चा डिजिटल परवानाही त्या यंत्राशी बांधलेला असतो. डिस्क बदलली म्हणून तो जात नाही. ‘माझ्याजवळ क्रमांक नाही’ हा पर्याय निवडून मूळचीच आवृत्ती, म्हणजे होम असेल तर होम, घातली की इंटरनेट जोडताच परवाना आपोआप ओळखला जातो. ज्याचे पैसे लॅपटॉप घेतानाच दिलेले आहेत ती वस्तू चोरीची करून घेण्यात शहाणपण कोणते? जीएसटी आणि बँकेचे व्यवहार ज्या यंत्रावर होतात त्यात परक्या माणसाने फोडलेले कुलूप असणे हा धोका तर निराळाच.

नव्या विंडोजला अनेकदा वायफायचा भाग ओळखू येत नाही, आणि विंडोज ११ च्या मांडणीला तर इंटरनेट हवेच असते. अशा वेळी लॅन वायर किंवा मोबाइल यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट वापरावे. नंतर निर्मात्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावेत. जुन्या लॅपटॉपचा प्रश्न थोडा कठीण आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा यांखेरीज टीपीएम २.० ही सुरक्षाचिप व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. ज्या यंत्रात हे नाही तेथे उबुंटू किंवा लिनक्स मिंट मोफत घालता येते. मराठी टंकलेखन, पत्रव्यवहार, इंटरनेट एवढ्यासाठी ते उत्तम. टॅली मात्र विंडोजसाठी असल्याने हिशेबाच्या यंत्रावर हा पर्याय सहसा उपयोगी पडत नाही.

एवढे झाले की काम संपले असे समजून तंत्रज्ञाला पैसे दिले जातात. हिशेबाच्या दृष्टीने ते अजून संपलेले नाही. सोडविलेला मजकूर नव्या डिस्कवर ठेवून टॅली उघडावे आणि तेरीज काढावी. सीएकडे गेलेल्या शेवटच्या छापील तेरजेशी त्या तारखेची बेरीज जुळते का, बँकेच्या खात्यातील शिल्लक पासबुकाशी मिळते का, शेवटच्या आठवड्यातील बिले आहेत का, हे पाहावे. फाइल दिसणे आणि फाइल उघडणे यांत अंतर असते, तसेच उघडणे आणि आकडे खरे असणे यांतही. खराब जागेवरून उतरलेल्या फाइलमध्ये मधलाच तुकडा गेलेला असू शकतो. अशी उणीव दुसऱ्याच दिवशी लक्षात आली तर ग्राहक-पुरवठादारांकडून बिलांच्या प्रती मागवून नोंदी भरता येतात. जीएसटीच्या संकेतस्थळावर भरलेली विवरणपत्रे असतात, बँकेकडे खातेउतारे असतात, सीएकडे मागील वर्षांचे ताळेबंद असतात. नष्ट झालेल्या खतावणीचा बराचसा भाग अशा दुसऱ्यांच्या वह्यांतून परत बांधता येतो. काम कंटाळवाणे, पण होणारे आहे. हातातली रोखीची टिपणे आणि तोंडी ठरलेल्या सवलती मात्र कोणाच्याच वहीत नसतात.

बॅकअपविषयी पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेले एक सोपे गणित आहे. मजकुराच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी. सांगली-मिरज-कुपवाड ही १९९८ पासून एकच महानगरपालिका असली तरी पुराच्या नकाशावर ही तीन निरनिराळी गावे आहेत. सांगलीच्या पेठेतील व्यापाऱ्याची तिसरी प्रत त्याच इमारतीच्या तळमजल्यावर असून चालणार नाही. नदीपासून दूर कुपवाडला राहणाऱ्या भावाच्या कपाटात ती असली तर अर्थ आहे. कुपवाडच्या कारखानदाराने प्रत शेडमध्ये न ठेवता घरी न्यावी. इंटरनेटवरील साठवणही दुसरी जागाच आहे, फक्त तिचा पासवर्ड एकाहून अधिक विश्वासू माणसांस ठाऊक असावा. बॅकअपची डिस्क कायम लॅपटॉपला जोडून ठेवण्याची सवय वाईट, कारण खंडणी मागणारा व्हायरस जोडलेल्या सर्व डिस्कना एकाच वेळी कुलूप लावतो. वापर झाला की ती काढून ठेवावी. आणि कपाटात वर्षानुवर्षे पडून राहणाऱ्या प्रतीसाठी एसएसडी किंवा पेन ड्राइव्हपेक्षा साधी फिरती हार्ड डिस्क बरी, कारण वीज न मिळाल्यास चिपमधील भार काळाने ओसरू शकतो.

कपाटात ठेवलेली जुनी डिस्क तेरीज जुळेपर्यंत आणि नवा बॅकअप दोन ठिकाणी होईपर्यंत हलवू नये. ती वॉरंटीत असेल तर कंपनी बदलून नवी देते, परंतु जुनी परत करावी लागते, म्हणजे हिशेबासकट ती परक्याच्या हाती जाते; मजकूर नाजूक असेल तर वॉरंटीवर पाणी सोडणे परवडते. भंगारवाल्याला किलोने विकणे तर दोन्ही बाजूंनी गैर. डिस्कवरील ग्राहकांचे पत्ते, पॅन क्रमांक, बँक खात्यांचा तपशील त्याच्याबरोबर जातो, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जावयास हव्यात. त्यांच्याकडे सोपविण्यापूर्वी फिरत्या डिस्कच्या चकतीतून आरपार दोन-तीन भोके पाडून घ्यावीत, एसएसडी असेल तर प्रत्येक चिप फुटली आहे हे पाहावे. कुपवाडमध्ये ड्रिलिंग मशीन शोधावयास लांब जावे लागत नाही.